पडदा आहे की नाही?

गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळीचा व्यवस्थापक नव्या गावी जाण्यापूर्वी थोडी चौकशी करून ठेवीत असे. तेथे बांधीव नाट्यगृह आहे की नुसताच मांडव, पडदा ओढण्याची सोय आहे की नाही, दिवे कसले आहेत, हे ठाऊक नसता सामानाच्या पेट्या उघडून बसणे व्यर्थ होते. गावाच्या नावावरून यांपैकी काहीच कळत नसे. मोठ्या शहरातही एखादा प्रयोग शाळेच्या पटांगणात करावा लागे आणि एखाद्या लहानशा संस्थानी गावी उत्तम नाट्यगृह मिळून जाई. आज संगणकासाठी ‘प्लगिन’ या नावाची जी छोटी आज्ञावली लिहिली जाते, तिच्या कर्त्यापुढे जवळजवळ हाच प्रश्न उभा असतो. त्याचे सामान म्हणजे खिडक्या, बटणे आणि चित्रे. ते उघडण्यापूर्वी समोर पडदा आहे की नाही, हे त्यास समजून घ्यावे लागते.

प्लगिन स्वतंत्रपणे चालत नाही. ते एखाद्या मोठ्या आज्ञावलीस जोडले जाते आणि तिच्या अंगी नसलेली एखादी शक्ती तिला देते. मजकूर लिहिण्याच्या आज्ञावलीस शुद्धलेखन तपासता येऊ लागते, पुस्तके सांभाळणाऱ्या आज्ञावलीस नव्या प्रकारचे पुस्तक वाचता येऊ लागते, ते अशा जोडभागामुळे. मोठ्या आज्ञावलीस येथे ‘यजमान’ म्हणू. यजमान विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा निरनिराळ्या कार्यप्रणालींवर चालत असेल, तर त्याच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यासही त्या सर्व ठिकाणी वावरता आले पाहिजे. शिवाय एकच यजमान कधी खिडक्यांच्या चित्रमय व्यवस्थेत, म्हणजे ग्राफिकल इंटरफेसमध्ये, काम करतो. कधी टर्मिनलच्या काळ्या चौकटीत नुसत्या अक्षरांनी बोलतो. आणि कधी मध्यरात्री, कोणीही माणूस समोर नसता, नेमून दिलेले काम मुकाट्याने उरकतो. प्लगिनच्या कर्त्यास या तिन्ही प्रसंगांचा विचार आधीच करून ठेवावा लागतो.

जे. पी. नगरातील खोली आणि मुंबईतील यंत्र

बंगळूरच्या दक्षिण भागात जयप्रकाश नारायण यांच्या नावाने वसलेले जे. पी. नगर आहे. झेरोधा या शेअर-दलालीच्या संस्थेचे मुख्य कार्यालय याच भागात असून, मुक्त आज्ञावलींच्या कर्त्यांस साहाय्य करण्यासाठी दरवर्षी दहा लक्ष डॉलरांचा निधी देण्याची घोषणा या संस्थेने 2024 मध्ये केली. ज्या आज्ञावलींचा मूळ मजकूर कोणासही वाचता येतो, त्यांस मुक्त आज्ञावली म्हणतात. पुढे जी उदाहरणे येतील, त्यांतील बहुतेक या वर्गातील आहेत.

समजा, जे. पी. नगरातील एका घरात बसून एक मराठी अभियंता मराठी शुद्धलेखन तपासणारे प्लगिन लिहीत आहे. चुकीचा शब्द सापडला की एक छोटी खिडकी उघडावयाची, तीत पर्यायी शब्द दाखवावयाचे आणि वाचकास त्यांतील एक निवडू द्यावयाचा, अशी त्याची योजना आहे. त्याच्या लॅपटॉपवर सर्व काही उत्तम चालते. मग तो तेच प्लगिन मुंबईतील एका यंत्रावर बसवितो. अ‍ॅमेझॉनने आपले मुंबईतील संगणक-केंद्र 2016 मध्ये सुरू केले. अशा केंद्रांतील यंत्रे हजारो ग्राहक दुरूनच वापरतात आणि त्या यंत्रांस पडदा, कळफलक वा माऊस यांपैकी काहीही जोडलेले नसते. तेथे शेकडो फाइली रात्रभर तपासून व्हाव्यात, अशी आपल्या अभियंत्याची अपेक्षा असते.

सकाळी तीन प्रकार दिसू शकतात. एक, खिडकी उघडण्याचा यत्न फसून प्लगिन बंद पडले आणि जाताना यजमानासही घेऊन गेले. दोन, खिडकी उघडता न आल्याने प्लगिन गप्प राहिले. फाइली तशाच आहेत, पण काम पूर्ण झाल्याची नोंद मात्र झाली आहे. तीन, पहिल्याच फाइलीत पहिलाच चुकीचा शब्द सापडला, प्लगिनने ‘कोणता पर्याय घ्यावा?’ असे विचारले, आणि कोणासही न दिसणाऱ्या त्या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत ते रात्रभर थांबून राहिले. पहिला प्रकार निदान उघड असतो, म्हणून त्यातल्या त्यात बरा. दुसरा अप्रामाणिक. तिसऱ्यात रात्र फुकट जाते, आणि अशी यंत्रे तासाच्या हिशेबाने भाड्याने घेतलेली असतात, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

नावावरून ओळखण्याची चूक

हा प्रश्न सोडविण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत चुकीचा मार्ग म्हणजे कार्यप्रणालीचे नाव विचारणे. विंडोज असेल तर खिडक्या असणारच, मॅक असेल तर असणारच, लिनक्स असेल तर बहुधा नसतील, अशी अटकळ पुष्कळ प्लगिनांत बांधलेली आढळते. ती कोठे कोठे फसते, हे पाहण्यासारखे आहे.

विंडोजमध्ये ‘सर्व्हिस’ नावाची कामे पडद्याआड चालतात. 2007 मध्ये सर्वांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही कामे एका वेगळ्या, एकलकोंड्या सत्रात ठेवली जाऊ लागली. त्या सत्रात उघडलेली खिडकी खरोखरच उघडते, पण संगणकापुढे बसलेल्या माणसास ती दिसत नाही. म्हणजे नाव विंडोज, खिडकीही आहे, आणि तरी पाहणारा कोणी नाही. याच्या उलट प्रकार लिनक्सचा. 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या पोटात चालणाऱ्या लिनक्ससही खिडक्या उघडण्याची सोय करून दिली. तत्पूर्वी तेथील लिनक्सला ती आपोआप मिळत नसे. तेव्हा ‘विंडोजमधील लिनक्स’ एवढे कळूनही भागत नाही. अँड्रॉइडच्या भ्रमणध्वनीचा गाभाही लिनक्सचाच असतो, आणि तेथील चित्रमय व्यवस्था घरच्या लिनक्सहून सर्वस्वी निराळी असते.

मॅकची गोष्ट थोडी अधिक मौजेची आहे. लिनक्सवर वाढलेले कर्ते ‘डिस्प्ले’ नावाची एक नोंद पाहतात आणि ती रिकामी असली तर पडदा नाही असे ठरवितात. मॅकच्या स्वतःच्या खिडक्यांस ही नोंद लागतच नाही. त्यामुळे झगझगीत पडद्यासमोर बसलेल्या मॅकच्या वापरकर्त्यास ‘आपल्या यंत्रास पडदा नाही’ असा संदेश हे प्लगिन खुशाल देते.

‘डिस्प्ले’ची नोंद कोठून आली?

अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत 1984 मध्ये ‘एक्स’ या नावाची खिडक्यांची व्यवस्था निर्माण झाली. तिची अकरावी आवृत्ती 1987 मध्ये निघाली आणि तीच पुढे रूढ झाली. तिची कल्पना अशी की, आज्ञावली एका यंत्रावर चालावी आणि तिची खिडकी दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर उमटावी. तेव्हा कोणत्या पडद्यावर, हे आज्ञावलीस सांगावे लागे. ते सांगणारी चिठ्ठी म्हणजे ‘डिस्प्ले’ची नोंद. यंत्राचे नाव, मग विसर्गचिन्ह, मग पडद्याचा क्रमांक, असे तिचे रूप असते. स्वतःच्याच यंत्रावरील पहिला पडदा असेल तर नुसते विसर्गचिन्ह आणि शून्य. एक्सच्या भाषेत ज्याच्याजवळ पडदा आहे तो ‘सर्व्हर’ आणि जी आज्ञावली खिडकी मागते ती ‘ग्राहक’; मुंबईतील प्रचंड यंत्र ग्राहक आणि जे. पी. नगरातील लॅपटॉप सर्व्हर, हे ऐकून नवशिक्यांचा नेहमीच गोंधळ उडतो.

जे. पी. नगरातून मुंबईच्या यंत्रास सुरक्षित मार्गाने, म्हणजे एसएसएचने, जोडणी करताना चित्रेही पाठवावीत अशी सूचना दिली, तर मुंबईच्या यंत्रावर ‘डिस्प्ले’च्या नोंदीत सामान्यतः दहा किंवा त्यापुढचा क्रमांक दिसतो. तो पडदा मुंबईत नसतोच; जोडणीच्या बोगद्यातून खिडकी बंगळूरला येते. ही सोय उत्तम. पण रात्री लॅपटॉप मिटला की बोगदा बंद होतो, आणि मुंबईत मागे चालू राहिलेल्या कामाजवळ मात्र ती चिठ्ठी तशीच उरते. जुन्या पत्त्यावर पत्र टाकावे, तसे प्लगिन त्या पडद्यावर खिडकी उघडू पाहते. नोंद असणे आणि पडदा असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे येथे उघड होते.

2008 मध्ये ‘वेलँड’ नावाच्या दुसऱ्या व्यवस्थेचे काम सुरू झाले. आज अनेक लिनक्स यंत्रांवर तीच असते. तिची नोंद वेगळी. आणि जुन्या आज्ञावलींच्या सोयीसाठी ती बहुधा एक्सचीही नोंद ठेवते. म्हणून दोन्ही नोंदी पाहाव्या लागतात, आणि दोन्ही पाहूनही केवळ अनुमानच हाती येते.

खरी खात्री प्रत्यक्ष जोडणी करून पाहिल्यानेच होते. मात्र येथे एक खाचखळगा आहे. चित्रमय साधनांचे जे तयार संच मिळतात, त्यांपैकी ‘क्यूटी’सारखा संच पडद्याशी जोडणी न जमल्यास संपूर्ण आज्ञावलीच तेथल्या तेथे थांबवितो. ‘जीटीके’ या संचात दोन दरवाजे आहेत: एकातून गेले आणि पडदा मिळाला नाही तर आज्ञावली संपते, दुसऱ्यातून गेले तर ‘जमले नाही’ एवढेच उत्तर मिळते. स्वतःची आज्ञावली असेल तर कोणता धोका पत्करावयाचा हे कर्त्याने ठरवावे. प्लगिन मात्र दुसऱ्याच्या घरी उतरलेले असते. परीक्षा पाहण्याच्या नादात यजमानाचे घर कोसळविण्याचा त्यास अधिकार नाही. म्हणून अशी परीक्षा एखाद्या वेगळ्या छोट्या प्रक्रियेत करावी. ती मेली तर पडदा नाही, जगली तर आहे. किंवा, त्याहून बरे, यजमानासच विचारावे.

यजमान काय सांगतो

चांगला यजमान या प्रश्नाचे उत्तर देण्याची सोय स्वतःच ठेवतो, परंतु ते उत्तर नेमके कोणत्या प्रश्नाचे आहे हे समजून घ्यावे लागते. हॉलंडचे ब्राम मूलेनार (1961–2023) यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेली ‘व्हिम’ ही लेखन-आज्ञावली याचे चांगले उदाहरण आहे. तिला ‘हॅज’, म्हणजे ‘आहे का?’, असे विचारता येते. ‘जीयूआय’ आहे का, असे विचारले तर ती सांगते की, ही प्रत तयार करतानाच खिडक्यांची शक्ती तिच्यात घातली होती की नव्हती. ‘जीयूआय-रनिंग’ आहे का, असे विचारले तर खिडकी या क्षणी चालू आहे, किंवा लवकरच उघडणार आहे, एवढे कळते. पहिले उत्तर ‘होय’ असूनही दुसरे ‘नाही’ असू शकते, कारण तीच प्रत टर्मिनलमध्ये उघडली असेल. पुष्कळ नवशिके पहिला प्रश्न विचारतात आणि दुसऱ्याचे उत्तर मिळाले असे समजतात.

‘लवकरच उघडणार आहे’ ही पुस्तीही महत्त्वाची. व्हिम आपली सुरुवातीची फाइल वाचीत असते तेव्हा खिडकी अद्याप उघडलेली नसते. त्या वेळी प्लगिनने खिडकीची रुंदी वा अक्षरांचा आकार ठरवू नये; खिडकी उघडल्याची सूचना व्हिम स्वतःच देते, तिची वाट पाहावी.

‘ईमॅक्स’ या दुसऱ्या प्रसिद्ध आज्ञावलीत हा प्रश्न आणखी एक पायरी पुढे जातो. 2009 मध्ये आलेल्या तिच्या तेविसाव्या आवृत्तीपासून ती पडद्याविना मागे चालू ठेवता येते, आणि मग तिला जोडून एक चौकट खिडकीत, तर दुसरी टर्मिनलमध्ये, एकाच वेळी उघडता येते. अशा स्थितीत ‘ईमॅक्सला पडदा आहे का?’ या प्रश्नास अर्थच उरत नाही. ‘या चौकटीस पडदा आहे का?’ असाच प्रश्न विचारावा लागतो, आणि तो प्रत्येक नव्या चौकटीसाठी नव्याने विचारावा लागतो. जे प्लगिन सुरुवातीस एकदाच विचारून उत्तर गाठीस बांधून ठेवते, ते येथे हमखास फसते. कारण त्याने विचारले तेव्हा कोणतीच चौकट उघडलेली नव्हती.

कॅलिबरचा दुहेरी वर्ग

या सर्व गुंत्यातून निघण्याचा एक साधा आणि पक्का मार्ग एका भारतीय कर्त्याच्या कामात पाहावयास मिळतो. कोविद गोयल हे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत पदव्युत्तर विद्यार्थी असता, 2006 मध्ये सोनी कंपनीचे इ-पुस्तके वाचण्याचे यंत्र अमेरिकेत विक्रीस आले. ते यंत्र लिनक्सवर वापरता यावे म्हणून त्यांनी एक आज्ञावली लिहावयास घेतली. 2008 मध्ये तिला ‘कॅलिबर’ हे नाव मिळाले. इ-पुस्तकांचा संग्रह सांभाळणारी आणि एका प्रकारचे पुस्तक दुसऱ्या प्रकारात बदलून देणारी ही आज्ञावली आज विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, आणि तिच्यासाठी जगभरच्या लोकांनी प्लगिने लिहिली आहेत.

कॅलिबरला दोन मुखे आहेत. एक खिडक्यांचे, जे बहुतेक वाचकांस ठाऊक असते. दुसरे आज्ञा-ओळीचे: पुस्तक बदलण्यासाठी, संग्रहात भर घालण्यासाठी, संग्रह घरातल्या इतर यंत्रांस वाचावयास देण्यासाठी वेगवेगळ्या छोट्या आज्ञा आहेत, आणि त्या पडद्याविनाही चालाव्या लागतात. प्लगिन या दोन्ही मुखांस एकाच वेळी जोडले जाते. आता खिडकीत एक बटण घालणाऱ्या प्लगिनचे आज्ञा-ओळीवर काय करावयाचे?

उत्तर असे की, कॅलिबरमध्ये असे प्लगिन दोन भागांत लिहावे लागते. पहिला भाग अगदी छोटा: प्लगिनचे नाव, कर्त्याचे नाव, आवृत्ती, ते कोणकोणत्या कार्यप्रणालींवर चालते त्यांची यादी, आणि दुसरा भाग कोणत्या फाइलीत आहे त्याचा पत्ता. खिडक्या, बटणे, चित्रे हे सर्व दुसऱ्या भागात. आज्ञा-ओळीवर कॅलिबर पहिला भाग तेवढा वाचते आणि थांबते. खिडक्यांचे मुख उघडले तरच त्या पत्त्यावर जाऊन दुसरा भाग उघडला जातो. आज्ञा-ओळीवरील कामांस चित्रमय साधनांचा संच लोड करावा लागू नये, हेच या दुहेरी रचनेचे कारण कॅलिबरच्या मार्गदर्शिकेत दिलेले आहे.

ही गोष्ट दिसते त्याहून मोलाची आहे. पडदा नसलेल्या यंत्रावर पुष्कळदा चित्रे काढणाऱ्या मूळ फाइलीच बसविलेल्या नसतात. अशा ठिकाणी खिडकी उघडणे दूरच राहिले. संच नुसता लोड करावयास गेले तरी प्लगिन कोसळते. म्हणजे ‘पडदा आहे का?’ हा प्रश्न विचारण्याची ओळ येण्यापूर्वीच, फाइलीच्या पहिल्या ओळीत अपघात झालेला असतो. नाटक मंडळीच्या भाषेत, मांडवात जागा आहे का हे विचारण्यापूर्वीच बैलगाडी फाटकात अडकली. दुहेरी रचनेत हा अपघात संभवत नाही. येथे ओळखण्याचे काम प्लगिनने करावयाचेच नाही. यजमानाने बोलाविले म्हणजे पडदा आहे, इतके त्यास पुरे.

तरीही एक अडचण उरते. पुस्तकाचे मुखपृष्ठ तयार करणे, त्यावर शीर्षकाची अक्षरे रेखाटणे, यांसारखी कामे पडद्यावर दाखवावयाची नसली तरी चित्रमय संचावाचून होत नाहीत. एके काळी पडदा नसलेल्या लिनक्स यंत्रावर असे काम आले की कॅलिबर ते नाकारी आणि ‘एक्सव्हीएफबी’ वापरण्याचा सल्ला देई. एक्सव्हीएफबी म्हणजे काल्पनिक पडदा: स्मृतीतच सर्व चित्र रेखाटले जाते, ते कोठेही दिसत नाही. पुढे कॅलिबरने अशा कामासाठी पडद्याविना रेखाटन करणारा स्वतःचाच जोडभाग बनविला.

रेखाटणे वेगळे, विचारणे वेगळे

त्या काल्पनिक पडद्याने एक मूलभूत भेद उघड केला. एक्सव्हीएफबी चालू असेल तर पडदा शोधणाऱ्या प्रत्येक परीक्षेचे उत्तर ‘आहे’ असेच येते. नोंद आहे, जोडणी जमते, खिडकी उघडते. फक्त ती पाहण्यास माणूस नाही. आपल्या अभियंत्याचे शुद्धलेखनाचे प्लगिन तेथे निर्धोकपणे खिडकी उघडील आणि उत्तराची वाट पाहत बसेल. म्हणून प्लगिनच्या कर्त्याने दोन प्रश्न अलग ठेवले पाहिजेत: मला रेखाटता येईल काय, आणि मला कोणाला काही विचारता येईल काय? पहिल्याचे उत्तर यंत्राकडून मिळते. दुसऱ्याचे उत्तर यंत्रास पुष्कळदा ठाऊकच नसते. ते काम सुरू करणाऱ्याने आधी सांगून ठेवलेले असावे लागते. विचारण्याजोगी प्रत्येक गोष्ट आज्ञेबरोबरच आधी सांगता यावी, न सांगितल्यास काय गृहीत धरावयाचे ते ठरलेले असावे, आणि जेथे गृहीत धरणे धोक्याचे असेल तेथे प्लगिनने फाइलीस हात न लावता नोंद करून पुढे जावे. आपल्या उदाहरणात, संशयित शब्दांची यादी एका फाइलीत लिहून ठेवावी आणि मजकूर तसाच राहू द्यावा.

याच कारणाने वापरकर्त्याच्या इच्छेस शोधापेक्षा वरचे स्थान द्यावयास हवे. पडदा असूनही एखाद्यास खिडक्या नको असतील. दृष्टिहीन व्यक्तीस वाचून दाखविणाऱ्या साधनाबरोबर साधा मजकूर अधिक सोयीचा वाटत असेल. ‘पडदा सापडला, म्हणून खिडकी उघडली’ हे समर्थन त्यास पुरेसे नाही.

ज्या वाटेने चित्र जावयाचे, त्याच वाटेने प्रश्न पाठवावा

गोयल यांची दुसरी प्रसिद्ध आज्ञावली म्हणजे ‘किटी’ हे टर्मिनल. जुन्या टर्मिनलांत नुसती अक्षरे उमटत. किटीमध्ये अक्षरांच्या बरोबरीने चित्रेही उमटविता येतात, आणि त्यासाठी ठरविलेली सांकेतिक भाषा आता इतर काही टर्मिनलांनीही स्वीकारली आहे. यामुळे ‘खिडक्या किंवा नुसती अक्षरे’ ही जुनी विभागणी मोडली. पण मग समोरचे टर्मिनल चित्रे दाखविणारे आहे की नाही, हे मुंबईतील प्लगिनने कसे ओळखावे?

भोवतालच्या नोंदी येथे कुचकामी ठरतात, कारण त्या मुंबईच्या यंत्राबद्दल बोलतात आणि टर्मिनल तर जे. पी. नगरात आहे. एसएसएचच्या जोडणीतून टर्मिनलचे नाव तेवढे पलीकडे जाते, बाकीच्या नोंदी बहुधा जात नाहीत. आणि नावावर विसंबण्याचे परिणाम वर दिलेच आहेत. किटीच्या संकेतांत सुचविलेला उपाय असा: प्लगिनने टर्मिनलकडे एक अगदी छोटे चित्र, एकाच ठिपक्याचे, ‘हे तुला दाखविता येईल का?’ अशा प्रश्नासह पाठवावे, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच दुसरा एक प्रश्न पाठवावा: ‘तू कोण आहेस?’ हा दुसरा प्रश्न फार जुना आहे. 1978 मधील डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या व्हीटी-100 या टर्मिनलासही तो समजत असे, आणि आजची जवळजवळ सर्व टर्मिनले त्याचे उत्तर देतात. चित्राबद्दलचे उत्तर आधी आले, तर चित्रे दाखविता येतात. थेट दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आले, तर पहिला प्रश्न टर्मिनलास कळलाच नाही.

या युक्तीतील खुबी दुसऱ्या प्रश्नात आहे. न समजलेल्या प्रश्नास टर्मिनल ‘समजले नाही’ असे उत्तर देत नाही, ते गप्प राहते. गप्प राहणाऱ्याची किती वेळ वाट पाहावी? बंगळूर-मुंबई जोडणी मंद असेल तर पाव सेकंद अपुरा, आणि दोन सेकंद थांबावे तर प्रत्येक वेळी वापरकर्ता कंटाळतो. ज्याचे उत्तर नक्की येणार असा प्रश्न मागे जोडल्यामुळे वाट पाहण्याची मुदत आपोआप ठरते. शिवाय हा प्रश्न त्याच वाटेने जातो, ज्या वाटेने पुढे चित्र जाणार आहे. वाटेत कोणी मध्यस्थ असेल, उदाहरणार्थ ‘टीमक्स’सारखी एकाच टर्मिनलाचे अनेक भाग पाडणारी आज्ञावली, तर तो चित्रे अडवितो की नाही हेही त्याच उत्तरातून कळते, टीमक्स मुद्दाम परवानगी दिल्यावाचून असे अनोळखी संकेत पुढे जाऊ देत नाही.

देवनागरीची जादा अडचण

इंग्रजी मजकूर हाताळणाऱ्या प्लगिनास खिडकी मिळाली नाही तर टर्मिनल पुरते. मराठीचे तसे नाही. टर्मिनलाची रचना चौकोनी कागदासारखी असते: प्रत्येक अक्षरास एक ठरलेले घर. ‘क्ष’ हे संगणकाच्या दृष्टीने क, हलंत चिन्ह आणि ष असे तीन संकेत आहेत. वाचकास ते एक अक्षर दिसते. त्यास किती घरे द्यावयाची? ‘कि’मधील वेलांटी संकेतांत क नंतर येते आणि डोळ्यांस आधी दिसते. निरनिराळी टर्मिनले या घरांची मोजदाद निरनिराळी करतात, आणि लेखन-आज्ञावलीची मोजदाद टर्मिनलाशी जुळली नाही की कर्सर एकीकडे व अक्षर दुसरीकडे, अशी स्थिती होते. चुकीचा शब्द लाल करावयाचा, तर शेजारच्या शब्दाचा अर्धा भाग लाल होतो. युनिकोडने 2023 मधील 15.1 या आवृत्तीत देवनागरीसारख्या लिप्यांतील जोडाक्षर हे एकच अक्षर-समूह मानण्याचा नियम समाविष्ट केला, आणि 2025 मध्ये किटीने मजकूर घरांत कसा विभागावयाचा याची स्वतःची रीत लेखी स्वरूपात मांडली. परंतु सर्व टर्मिनले त्या एका रीतीवर येईपर्यंत मराठी प्लगिनच्या कर्त्याने टर्मिनलात शब्दाच्या अंगावर रंग चढविण्याऐवजी ओळीचा क्रमांक आणि शब्द वेगळ्या ओळीवर छापावा, हे अधिक सुरक्षित. खिडकीत मात्र शब्दाखाली लाल रेघ ओढावयास हरकत नाही. तेथे अक्षरे घरांत कोंबलेली नसतात.

हे सर्व लिहून झाल्यावर आपल्या अभियंत्याने प्लगिनची परीक्षा चार ठिकाणी घ्यावी. आधी नेहमीच्या लॅपटॉपवर. मग त्याच लॅपटॉपवर दोन्ही पडद्यांच्या नोंदी पुसून. मग मुंबईच्या यंत्रावर, चित्रांची सूचना न देता केलेल्या जोडणीतून, आणि तेथेच नेमल्या वेळी आपोआप सुरू होणाऱ्या कामातून, जेथे टर्मिनलही नसते. शेवटी एक्सव्हीएफबीच्या काल्पनिक पडद्यावर, चुका मुद्दाम घातलेली एक फाइल देऊन. पहिल्या तीन ठिकाणी अडलेले प्लगिन काही ना काही चिन्ह मागे ठेवते. चौथ्या ठिकाणी ते नुसते स्तब्ध दिसते. म्हणून तेथे घड्याळ लावून बसावे, आणि ठरल्या वेळेत संशयित शब्दांची यादी फाइलीत उतरली नाही, तर आज्ञावलीत उत्तरासाठी थांबणारी एखादी खिडकी अजून कोठे राहिली आहे ते शोधावे.